नवीं घरें आणि मोटारीची जागा

पुण्याच्या जुन्या पेठांतून हिंडतांना अद्यापि एखादा मोठा वाडा दृष्टीस पडतो. यांपैकीं जे वाडे सरदार-दरकदारांचे होते, त्यांत दिंडीदरवाजा, चौक आणि विहीर यांच्या जोडीस घोड्यांची पागाहि असे. परंतु त्याच आळींत राहणाऱ्या भिक्षुकाच्या, कारकुनाच्या किंवा कांसाराच्या घरास पागा नसे. आणि ती असलीच पाहिजे असा दंडकहि कोणीं घातला नव्हता. ज्याचा घोडा त्याची पागा, त्याचीच चंदी, आणि जागेचा खर्चहि त्याचाच, असा तो सरळ व्यवहार होता. आजच्या शहरांत घोड्याची जागा मोटारीनें घेतली आहे. पण हा व्यवहार मात्र तितका सरळ राहिलेला नाहीं. नवी इमारत बांधावयाची तर तींत मोटारी किती उभ्या राहतील, हें नियम आधीं विचारतो. तेथें राहावयास येणाऱ्यांपाशीं मोटार आहे कीं नाहीं, हें तो विचारीतच नाहीं. नव्या घरांबरोबर मोटारीची जागा सक्तीनें बांधली जावी काय, आणि बांधली तर तिचें मोल कोणीं द्यावें, हा प्रश्न म्हणून आज प्रत्येक शहरवासी कुटुंबाच्या खिशाशीं येऊन भिडला आहे.

या सक्तीच्या बाजूनें जें सांगितलें जातें तें प्रथम नीट ऐकून घेतलें पाहिजे, कारण त्यांत तथ्य आहे. मुंबईस १८९६ सालीं प्लेगची सांथ आली व तिच्या अनुभवानें शहाणे होऊन १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना करण्यांत आली. या ट्रस्टनें दादर-माटुंगा भागांत रुंद रस्ते आखून वसाहती वसविल्या, त्या काळीं मोटार ही थोड्या धनिकांचीच चैन होती. तेथील जुन्या घरांस मोटारीची पुरेशी जागा नाहीं यांत नवल तें काय? आज त्याच रस्त्यांच्या दोन्ही कडांना मोटारींच्या रांगा लागलेल्या असतात. आणि जेथें दोन गाड्या सहज समोरासमोरून जात, तेथें एकीस थांबून दुसरीस वाट द्यावी लागते. पदपथ अडल्यामुळें शाळेस जाणारीं मुलें आणि काठी टेकीत चालणारे वृद्ध रस्त्यावर उतरतात. रात्रीं आग लागली तर आगबंबास गल्लींत वळावयास जागा नसते. रुग्णवाहिका दारापर्यंत पोंचत नाहीं, आणि रोग्यास उचलून कोपऱ्यापर्यंत न्यावें लागतें. जुन्या घरांच्या बाबतींत झालें तें झालें, पण नव्या घरांच्या बाबतींत तरी पूर्वींच दक्षता कां घेऊं नये, असा हा युक्तिवाद आहे. आणि प्रथमदर्शनीं तो बिनतोड वाटतो.

हा युक्तिवाद आजकालचा नव्हे. अमेरिकेंतील ओहायो संस्थानांतील कोलंबस शहरानें १९२३ सालींच अनेक बिऱ्हाडांच्या इमारतींस मोटारींसाठीं जागा ठेवण्याची अट घातली. पुढें ती अट गांवोगांव पसरली, आणि कालांतरानें आपल्याकडील बांधकामाच्या नियमांतहि आली. बृहन्मुंबईच्या २०३४ सालापर्यंतच्या विकास नियमावलींत लहान सदनिकांस चौघींत मिळून एक जागा, त्यांहून मोठ्या असतील तर दोघींत एक, मग एकीस एक, आणि सर्वांत मोठ्या सदनिकेस दोन, अशी चढती पायरी लावून दिलेली आहे. राज्यांतील इतर बहुतेक शहरांसाठीं २०२० सालीं जी एकत्रित नियमावली मंजूर झाली, तींतहि क्षेत्रफळावर बसविलेलीच पायरी आहे. म्हणजे नियम मुख्यतः घराचा आकार पाहतो, आणि आकारावरून मोटारीचें अनुमान बांधतो. मोठ्या घरांत पांच माणसें व एकहि मोटार नाहीं, किंवा लहान घरांत एक माणूस व त्याचीं दोन वाहनें, असा प्रकार त्याच्या हिशेबांत बसत नाहीं.

आतां थोडें गणित मांडून पाहूं. मुंबईच्या नियमांत मोठ्या मोटारीची जागा अडीच मीटर रुंद व साडेपांच मीटर लांब धरली जात आली आहे. म्हणजे पावणेचौदा चौरस मीटर, अथवा सुमारें १४८ चौरस फूट. पण मोटार ही कांहीं पुस्तकासारखी उचलून फळीवर ठेवतां येत नाहीं. तिला आंत यावयास वाट लागते, वळावयास अंगण लागतें, आणि तळघरांत उतरावयाचें तर उतार लागतो. हा सर्व पसारा धरून दिल्लीच्या २०२१ सालापर्यंतच्या बृहत् आराखड्यांत एका मोटारीमागें उघड्यावर २३, इमारतीखालील आच्छादित जागेंत २८ आणि तळघरांत ३२ चौरस मीटर असें प्रमाण धरलें होतें. अठ्ठावीस चौरस मीटर म्हणजे ३०० चौरस फुटांहून किंचित् अधिक.

हा आंकडा ध्यानांत ठेवून माणसांच्या घरांकडे पाहावें. मुंबईंत १९२० नंतरच्या दशकांत सरकारच्या विकास विभागानें ज्या बी. डी. डी. चाळी बांधल्या, त्यांतील एक खोली १६० चौरस फुटांची. त्या एका खोलींत गिरणीकामगारांचीं कुटुंबेंच्या कुटुंबें राहिलीं. मुलांचे अभ्यास तेथेंच झाले, आणि पाहुणे उतरले तेहि तेथेंच. याच शहरांतील झोपडपट्टी पुनर्वसन योजनेंत पात्र कुटुंबास आज जें घर मिळतें, तें ३०० चौरस फुटांचें असतें. म्हणजे पांच माणसांच्या एका कुटुंबास नियमानें जेवढी जागा पुरेशी मानली, जवळजवळ तेवढीच जागा छपराखालीं उभ्या राहणाऱ्या एका मोटारीस लागते. या तुलनेंत मोटारवाल्यांस दूषण देण्याचा हेतु नाहीं. जागा ही शहरांत किती मोलाची वस्तु आहे, आणि ती वाटतांना किती जपून वाटली पाहिजे, एवढेंच तींतून दिसावें.

या जागेचा खर्च कोठून येतो, हें आतां पाहावें. खांबांवर इमारत उचलून खालचा मजला मोकळा सोडणें, तळघर खोदणें, तेथें पाणी सांचूं नये म्हणून पंप बसविणें, हवा खेळती ठेवणें, दिवे लावणें, या प्रत्येक गोष्टीस पैसा लागतो. बांधणारा तो पदरचा घालीत नाहीं. तो घराच्या किंमतींत मिसळून टाकतो. अमेरिकेंतील ओकलंड शहराचा अनुभव या बाबतींत बोलका आहे. त्या शहरानें १९६१ सालीं दर घरामागें एक जागा सक्तीची केली. तेथील बांधकामांची पुढें जी पाहणी झाली, तींत असें दिसून आलें कीं, दर घराचा बांधकामखर्च १८ टक्क्यांनीं वाढला, आणि एक एकर जमिनीवर बांधल्या जाणाऱ्या घरांची संख्या ३० टक्क्यांनीं घटली. मोटारीची सोय झाली खरी. पण घरें महागलीं आणि कमीहि झालीं.

ज्याच्यापाशीं मोटार आहे त्यानें हा खर्च सोसला तर कोणाची तक्रार नाहीं. परंतु ज्याच्यापाशीं ती नाहीं त्याचें काय? २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें भारतांतील शंभर कुटुंबांपैकीं पांचांपाशींहि मोटार नव्हती. नुसतीं शहरी कुटुंबें घेतलीं तरी हें प्रमाण शेंकडा दहाच्या आंतच होतें. त्यानंतर मोटारी पुष्कळ वाढल्या आहेत, हें रस्त्यावर नजर टाकतांच कळतें. तरीहि लोकलनें कचेरीस जाणारा कारकून, बसनें रुग्णालयांत जाणारी परिचारिका, निवृत्तिवेतनावर राहणारें वृद्ध जोडपें, अशीं असंख्य बिऱ्हाडें मोटारीवांचून चाललीं आहेत. खानावळींत एकानें श्रीखंड मागवावें आणि त्याचे पैसे सर्वांच्या ताटांवर वांटून लावावे, तसा हा प्रकार होतो. आणि ज्याच्या ताटांत श्रीखंड नाहीं त्याला आपण त्याचे पैसे दिले हें कळतहि नाहीं, हीच यांतील खरी मेख आहे.

समजा, एखाद्या इमारतींत बारा बिऱ्हाडें आहेत, नियमानें बारा मोटारींची जागा केली आहे, आणि प्रत्यक्षांत मोटारी पांचच आहेत. दर मोटारीस अठ्ठावीस चौरस मीटर धरले तर ३३६ चौरस मीटर जागा गुंतली. पांच मोटारींस १४० पुरली असती. उरलेले १९६ चौरस मीटर विनाकारण अडकले. त्यांत आणखी सात लहान घरें झालीं असतीं, असें मात्र लगेच म्हणतां येणार नाहीं. कारण किती घरें बांधावयाचीं हें चटईक्षेत्राच्या नियमावर अवलंबून असतें, आणि नियमानें लागणारी मोटारीची जागा चटईक्षेत्रांत सहसा धरली जात नाहीं. परंतु तेवढा बांधकामाचा खर्च खात्रीनें वांचला असता. अथवा तेवढी जमीन मुलांच्या खेळास आणि झाडांस मोकळी मिळाली असती.

येथें कोणी म्हणेल कीं, मग मोटारीची जागा वेगळी विकावी; ज्यास हवी तो घेईल. महाराष्ट्रांत या मार्गास कायद्याची मर्यादा आहे, आणि ती प्रत्येक सदनिकाधारकानें समजून घेण्याजोगी आहे. सदनिकांच्या मालकीसंबंधींचा महाराष्ट्राचा कायदा १९६३ सालचा. त्याचा अर्थ लावतांना सर्वोच्च न्यायालयानें ३१ ऑगस्ट २०१० रोजीं असा निर्णय दिला कीं, इमारतीखालील खांबांमधली जागा, जिला बांधकामवाले ‘स्टिल्ट’ म्हणतात ती, आणि उघड्यावरील वाहनतळ, हीं दोन्हीं ‘गॅरेज’ या संज्ञेंत येत नाहींत. तीं सर्वांच्या सामाईक उपयोगाचीं आहेत, आणि बांधणाऱ्यास तीं स्वतंत्रपणें विकतां येत नाहींत. २०१६ सालच्या स्थावर संपदा कायद्यानेंहि छप्पर व तीन बाजूंस भिंती असलेली जागा तेवढी गॅरेज मानली, आणि उघडा वाहनतळ त्यांतून वगळला. म्हणजे खांबांखालची ती जागा मोटार असणाऱ्याची जितकी, तितकीच मोटार नसणाऱ्याचीहि आहे.

या निर्णयांतच प्रश्नाच्या उत्तराची एक दिशा सांपडते. जी वस्तु सर्वांच्या मालकीची आणि थोड्यांच्या उपयोगाची, तिचें भाडें वापरणाऱ्यानें द्यावें व तें सर्वांच्या पेटींत पडावें, हा जुना गांवकी न्याय आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत वाहनांच्या जागा वांटण्याची व्यवस्था सांगितलेली आहे. जागा थोड्या व मागणारे अधिक असतील तर चिठ्ठ्या टाकून वांटणी करावी, आणि वाहनाचा आकार सर्वसाधारण सभेनें ठरवावा, असा तींतला आशय. परंतु पुष्कळ संस्थांत हा आकार नाममात्र असतो. महिना कांहीं थोड्या रुपयांत तीनशें चौरस फूट जागा मिळत असेल, तर दुसरी मोटार घेण्यास कोण कचरेल? तोच आकार आसपासच्या जागेच्या मोलाशीं कांहीं तरी नातें राखून ठरविला, आणि येणारी रक्कम सर्वांच्या मासिक देण्यांतून वजा केली, तर मोटार नसलेल्या विधवेच्या खर्चास थोडा हात लागेल, आणि मोटार असलेला डॉक्टर रात्रीं-अपरात्रीं निश्चित जागा मिळते म्हणून आनंदानें पैसे देईल.

जागेची सक्ती काढली आणि दुसरें कांहींच केलें नाहीं, तर काय होईल, हेंहि पाहिलें पाहिजे. बांधणारा जागा ठेवणार नाहीं, रहिवासी मोटार घेणें सोडणार नाहीं, आणि सगळा भार रस्त्यावर पडेल. येथें मोटारीच्या जागेचें अर्थशास्त्र ज्यांनीं जन्मभर अभ्यासिलें, त्या कॅलिफोर्नियांतील डोनाल्ड शूप (१९३८–२०२५) या प्राध्यापकांचें म्हणणें ध्यानांत घेण्यासारखें आहे. फुकट जागा ही वस्तुतः फुकट नसते, तिचें मोल दुसराच कोणीतरी देत असतो, हा सिद्धांत त्यांनीं २००५ सालच्या आपल्या ग्रंथांत सविस्तर मांडला. त्यांचा उपाय दुहेरी होता: घरांवरील सक्ती काढावी, आणि त्याच वेळीं रस्त्यावरील जागेस योग्य दर लावावा. यांतील पहिलें करून दुसरें टाळलें, तर औषध घेऊन पथ्य न पाळल्यासारखें होईल. दाराबाहेरचा रस्ता फुकट असतां आंतल्या जागेचें भाडें कोण भरील?

जपाननें हा तिढा निराळ्या रीतीनें सोडविला. तेथें १९६२ सालीं असा कायदा झाला कीं, ज्यास मोटार घ्यावयाची असेल त्यानें ती ठेवण्याची जागा आपणांपाशीं आहे हें आधीं दाखवावें. ही जागा राहत्या घराच्या दोन किलोमीटरांच्या आंत असली म्हणजे चालते, आणि ती असल्याचा दाखला पोलिस देतात. शिवाय रात्रभर रस्त्यावर मोटार उभी करून ठेवण्यास तेथें मनाई आहे. यांतील खुबी अशी कीं, जागेचा बोजा घरावर न पडतां मोटारीवर पडतो. ज्यास मोटार नको, त्यास जागेची चिंताहि नको. २०२५ च्या मे महिन्यांत महाराष्ट्राच्या परिवहन मंत्र्यांनीं नव्या मोटारीच्या नोंदणीपूर्वीं असा जागेचा दाखला मागण्याचा मनोदय जाहीर केला होता, तो याच विचाराचा. मात्र असा दाखला कागदावर राहूं नये, याची खबरदारी घेतली तरच त्यास अर्थ.

जर्मनींतील फ्रायबुर्ग शहरांत व्होबान नांवाची एक वस्ती आहे. तेथील फ्रेंच सैन्याची छावणी १९९२ सालीं उठली आणि त्या जागीं नवीं घरें उभीं राहिलीं. त्यांतील पुष्कळ घरांपाशीं मोटारीची जागाच नाहीं. ज्यास मोटार ठेवावयाची, त्यानें वस्तीच्या कडेस असलेल्या सामाईक मोटारखान्यांत स्वतंत्र पैसे मोजून जागा घ्यावयाची. ज्यास नको, त्यानें तसें लेखी द्यावयाचें, आणि पुढेंमागें गरज पडल्यास वापरतां यावी म्हणून राखून ठेवलेल्या जमिनीच्या खर्चांत थोडा वांटा उचलावयाचा. घरांमधले रस्ते यामुळें मुलांस खेळावयास मोकळे राहिले. पण हें साधलें याचें एक कारण असें कीं, त्या वस्तींत ट्रामगाडी येते. लंडन शहरानेंहि २००४ सालीं ‘निदान इतक्या जागा बांधा’ हा नियम उलटा करून ‘फार तर इतक्याच बांधा’ असा केला; त्यानंतर नव्या इमारतींतील मोटारींच्या जागा दर घरामागें सुमारें चाळीस टक्क्यांनीं घटल्याचें आढळून आलें. लंडनलाहि भुयारी रेल्वे आणि बसगाड्या यांचा भक्कम आधार आहेच.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सर्व ठिकाणीं एकच माप लावणें शहाणपणाचें नव्हे. ज्या नव्या इमारतीपासून रेल्वेचें अथवा मेट्रोचें स्टेशन पायीं दहा मिनिटांवर आहे, तिला मोटारींच्या जागांची सक्ती करणें म्हणजे नदीकांठच्या घरास विहिरीची सक्ती करण्यासारखें आहे. उलट शहराच्या वेशीबाहेर, जेथें शेवटची बस रात्रीं नऊस निघून जाते, अशा ठिकाणीं मोटार किंवा दुचाकी ही चैन नसून गरज असते. तेथें जागा नाकारणें म्हणजे रहिवाशांची गैरसोय करणें होय; आणि तेथें आधीं बस आणून मग जागा कमी करणें हाच न्याय्य क्रम.

त्याचप्रमाणें कांहीं गोष्टींची सक्ती कोठेंहि ढिली होतां कामा नये. आगबंब आणि रुग्णवाहिका यांस इमारतीपर्यंत मोकळी वाट असलीच पाहिजे. अपंग व्यक्तीच्या वाहनास दाराजवळ जागा पाहिजे. आपल्या शहरांत मोटारींहून दुचाकी कितीतरी अधिक. त्यांस व सायकलींस थोड्या जागेंत पुष्कळांची सोय करतां येते, ती केली पाहिजे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठीं केंद्र सरकारनें २०१९ सालीं आदर्श बांधकाम नियमांत सुधारणा करून वाहनतळांतील २० टक्के वाहनांच्या भारणीची तजवीज सुचविली. नव्या इमारतींत तारा आधींच टाकून ठेवल्या तर मागाहून भिंती फोडाव्या लागत नाहींत.

सक्ती काढली म्हणजे घरें उद्यांपासून स्वस्त होतील, अशी आशा मात्र कोणीं बाळगूं नये. जेथें घरें थोडीं आणि गिऱ्हाइकें फार, तेथें वांचलेला पैसा प्रथम बांधणाऱ्याच्याच खिशांत राहण्याचा संभव आहे. परंतु न लागणारी वस्तु गळ्यांत न बांधली गेल्यानें घर घेणाऱ्यास निवड करतां येईल. मोटारीच्या जागेशिवायचें घर मागणाऱ्यास तसें घर बाजारांत दिसूं लागेल. आणि मिळकत बेताची असलेल्या कुटुंबास तोच कांठावरचा फरक शहरांत राहणें आणि शहराबाहेर फेंकलें जाणें यांमधला ठरूं शकेल.

तेव्हां नव्या घरांत मोटारीस जागा असावी काय, या प्रश्नाचें उत्तर निव्वळ होय किंवा नाहीं असें देतां येत नाहीं. जागा जरूर असावी. पण ती जेथें लागेल तेथें, लागेल तेवढी, आणि जो वापरील त्याच्या खर्चानें. रस्ता ही कोणाचीहि वडिलोपार्जित मिळकत नव्हे, म्हणून त्यावर मोटार ठेवणारानेंहि मोल द्यावें. आणि या सर्वांच्या आधीं, घरांतल्या माणसांस मोटारीवांचून कामावर, शाळेंत व बाजारांत सुखानें जातां यावें, अशी बस व रेल्वेची सोय असावी. जुन्या वाड्यांच्या काळीं घोडा नसलेल्या गृहस्थास शेजारच्या पागेचा खर्च द्यावा लागत नव्हता, आणि सरदाराचा घोडाहि आळीच्या मधोमध बांधलेला नसे. एवढी साधी शिस्त नव्या शहरानें पाळली, तरी पुष्कळ झालें.